दहाला दोन

निवृत्त माणसाच्या हाती सुखाविषयीचं पुस्तक देऊ नये. आमच्या जावईबापूंनी ते दिलं, आणि तेव्हापासून घिवलीत लोक मला बघून रस्ता बदलतात. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली, त्यामुळे शास्त्रज्ञ सुखसुद्धा मोजतात, त्याचे आकडे काढतात, तक्ते छापतात, हे वाचल्यावर मला राहवेना. दुसऱ्याच दिवशी बोईसरला जाऊन लाल बांधणीची जाड वही आणली.

रॉबर्ट एमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याचा प्रयोग 2003 सालचा. विद्यार्थ्यांना दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या, आणि लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य बरं वाटू लागलं. मीही बसलो. पहिली नोंद अर्थातच विजेची, कारण देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 पासून आमच्या शेजारी आहे आणि चार अणुभट्ट्यांची मिळून क्षमता 1400 मेगावॉट आहे. दुसरी समुद्राची, तिसरी सुक्या बोंबलांची, चौथी पेन्शनची, पाचवी डहाणू लोकलमध्ये मिळणाऱ्या खिडकीची. इतक्यात ही चष्मा लावून मागे येऊन उभी राहिली. "आणि मी?" मी नियम दाखवला. पाचच लिहायच्या, तू सहावी. त्या संध्याकाळी घरात वीज होती, चहा नव्हता.

मग कळलं, की दुःखाचं मूळ भटकणाऱ्या मनात आहे. 2010 साली किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी 2250 माणसांना फोनवरून वेळी-अवेळी विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळजवळ 47 टक्के वेळा मन भलतीकडेच होतं, आणि भलतीकडे असताना माणसं कमी खूश होती. मी किनाऱ्यावर गेलो, चपला काढल्या, डोळे मिटले आणि श्वासावर लक्ष असं घट्ट धरून ठेवलं, की भरती कधी लागली, पाणी धोतरापर्यंत कधी आलं, होड्या ओढणारी पोरं काय ओरडत होती, यातलं काही कळलं नाही. मन जागेवर राहिलं. चपला गेल्या.

अशा वेळी आधार वाटला तो जॉन स्टुअर्ट मिलचा. हा तत्त्वज्ञ म्हणजे मूळचा आमच्याच जातकुळीचा, ईस्ट इंडिया कंपनीचा लंडनमधला कारकून. त्या काळी हा आमचा किनाराही कंपनीच्याच ताब्यात होता. 1826 साली, विशीत, त्याने स्वतःला विचारलं, की आपली सगळी उद्दिष्टं पुरी झाली तर आपण सुखी होऊ का? आतून उत्तर आलं, नाही. बिचारा कित्येक महिने खचून गेला. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलं, की सुखावर थेट नजर ठेवली की ते मिळत नाही, दुसऱ्या कशात तरी गुंतलं की वाटेत भेटतं. याला 2011 साली आयरिस मॉस यांनी प्रयोगशाळेतून दुजोरा दिला. काही जणींना सुख किती मोलाचं आहे यावरचा लेख वाचायला देऊन मग स्केटिंगमध्ये सुवर्णपदक जिंकल्याची चित्रफीत दाखवली. लेख वाचलेल्यांना ती बघून आनंद कमी झाला. हे मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पुस्तक न वाचणारी मी बरी."

गुंतायचं तर कशात? इथे भेटला सम्राट अशोक, तोही आपल्याच जिल्ह्यात. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याला, ज्याला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत, तिथला स्तूप खणला, आणि सोपाऱ्यातच त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखात सम्राट सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला हिंडत. त्याने धर्मयात्रा सुरू केल्या. साधूंना भेटायचं, दान करायचं, म्हाताऱ्यांना सोनं वाटायचं, गावोगावच्या लोकांशी बोलायचं, आणि यातला आनंद अधिक. बावीसशे वर्षांनंतर, 2008 साली, एलिझाबेथ डन यांनी कॅनडात सकाळी सकाळी लोकांच्या हाती पाच किंवा वीस डॉलर ठेवले. ज्यांनी ते दुसऱ्यावर खर्चले, ते संध्याकाळी जास्त खूश निघाले. रक्कम पाच की वीस, याने काही फरक पडला नाही. हा शेवटचा निष्कर्ष मला फारच भावला.

सोन्याचा भाव बघता मी चिकूंवर थांबलो. घोलवडचे, मानांकनवाले. पिशवी भरली आणि स्तूपाचं दर्शन घ्यायला बोईसरहून लोकलमध्ये चढलो. पालघरला गाडी थांबली, तसा समोरच्या कानात बोंडं घातलेल्या तरुणापुढे हसून एक चिकू धरला. नेमक्या त्याच क्षणी फलाटावरच्या कर्ण्यातून बाई बोलू लागल्या, की अनोळखी व्यक्तींनी दिलेले खाद्यपदार्थ स्वीकारू नका. अख्ख्या डब्याने आधी कर्ण्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. संशय फिटावा म्हणून मी घाईघाईने तोच चिकू स्वतः खाल्ला, बी घशात अडकली, मला ठसका लागला, डोळे पांढरे झाले, पाणी पाणी म्हणून मी हात पसरले, आणि तो तरुण दुसऱ्याला म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?"

केळवे रोड गेलं. माझ्या बाकावर मी आणि चिकू. सफाळ्याला एक मावशी चढल्या, पिशवीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "कसे दिले?"

"असेच घ्या मावशी, पैसे नकोत."

"फुकट? म्हणजे नासके असतील."

माझ्या तोंडून कसं कोण जाणे निघून गेलं, "दहाला दोन." झालं! मावशींनी चार घेतले, शेजारणीने सहा, मागून हात येऊ लागले, आणि ज्याने मला जिवंतपणी पंचनाम्यापर्यंत नेलं होतं त्या तरुणानेही दोन घेऊन वर एक मागितला. सुटे देता देता, कोणाचे वीस राहिले ते आठवता आठवता, नालासोपारा मागे पडलं आणि समोर वसई आली. स्तूप राहिला. पण खोटं कशाला बोलू, त्या तासाभरात सुखाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

घरी आल्यावर हिने हिशेब मांडला. "एक चिकू आपल्याला सातला पडला, आणि तुम्ही पाचला विकलात?"

मी शांतपणे म्हणालो, "म्हणजे दर चिकूमागे दोन रुपये दुसऱ्यांवर खर्च झाले. प्रयोग यशस्वी."

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "शेजारच्या काकू विचारत होत्या, उद्या पुन्हा लोकलला जाणार असाल तर त्यांची सुकट न्याल का? पण भाव त्या ठरवणार म्हणे."