छोटी परी पॅकेज

हौसेला मोल नसते, असे ज्याने म्हणून ठेवले त्याने ब्यूटी पार्लरचे दरपत्रक पाहिलेले नसावे. तिथे हौसेला मोल आहे, मोलावर कर आहे आणि आता वयाची सवलतही आहे. ‘लिटल प्रिन्सेस’ म्हणा की ‘छोटी परी’ म्हणा, पॅकेज एकच. नखे घासायची, त्यांना आकार द्यायचा, जेल पॉलिशचे थर चढवायचे, प्रत्येक थर दिव्याखाली धरून घट्ट करायचा, टोकाला चमकी आणि अंगठ्यावर चिकटवलेले फुलपाखरू. मुंबई-पुण्यात हे आता जुने झाले. तिथून ते चाकरमान्यांचे बोट धरून मे महिन्यात आणि गणपतीत कोकणात उतरते. पावसला आजोळी आलेली पाच वर्षांची परी आजीच्या पाया पडते, ओटीवर बसते, पुढ्यात रायवळ आंबा येतो आणि ती दोन्ही हात सत्कारमूर्तीसारखे हवेत धरते. आंबा दाबून मऊ करायचा तर फुलपाखरू मोडेल. देठाकडचे तोंड सोलायचे तर चमकी रसात जाईल. मग आंबा आई मऊ करते, आई सोलते, आईच तोंडाशी धरते. परी फक्त चोखते. रत्नागिरी तालुक्यात आंबा खायला माणूस लागतो हे आजवर ठाऊक नव्हते. आंबा उतरवायला लागतो, पेटीत भरायला लागतो, राखणीला तर नेपाळहून येतो. आता खायलाही लावावा लागेल.

एका आंब्यावर हे थांबत नाही. करवंदाच्या जाळीत हात घालता येत नाही. गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावर वाळूत खड्डा खणता येत नाही, कारण वाळू नखाच्या आणि चिकटवलेल्या फुलपाखराच्या फटीत जाऊन बसते. चपलेचा बक्कल लागत नाही, चड्डीचे बटण निघत नाही, आणि हे बटण वेळेत न निघण्याचे परिणाम पाचव्या वर्षी फार लवकर दिसतात. मूल स्वतःच्या हाताने जेवायला, धुवायला, बटण लावायला शिकते ते याच वयात. शिशुवर्गात मणी ओवायला, चिकणमाती मळायला लावतात तेही बोटांच्या टोकांना अक्कल यावी म्हणून. त्या टोकांवर आपण पैसे मोजून टोपणे बसवतो आणि मग पालकसभेत विचारतो की हिला पेन्सिल नीट का धरता येत नाही.

सरकारचे नखांबद्दल मत काय, हेही पाहण्यासारखे आहे. २०१५ पासून देशभर राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्यासाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या तारखा ठरलेल्या आहेत. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात आणि गोळीबरोबर एक उपदेश देतात: हात धुवा, नखे कापा. कारण जंतांची अंडी नखांखालच्या मळातून तोंडात जातात, आणि लहान मुलाचे बोट दिवसभरात किती वेळा तोंडात जाते ते कोणत्याही आईला विचारावे. म्हणजे एका हाताने सरकार फुकट गोळी देते आणि नखे कापायला सांगते. दुसऱ्या हाताची नखे आपण न कापता पैसे देऊन सजवून घेतो. अंगणवाडी सेविकेने वर्षानुवर्षे घसा कोरडा करून जे सांगितले ते एका फुलपाखराने पुसून टाकले. शाळेत प्रार्थनेनंतर नखे तपासायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तिथे बाईंनी या दहा कलाकृतींचे काय करायचे? शेरा द्यायचा की बक्षीस?

आता रसायनाकडे येऊ, कारण ‘सगळे नॉन-टॉक्सिक असते’ हे वाक्य पार्लरात खुर्चीवर बसण्याआधीच कानावर पडते. साधे नेलपॉलिश हवेत वाळते. जेल पॉलिश वाळत नाही, ते दिव्याच्या अतिनील प्रकाशात घट्ट होते. बाटलीतले छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे कडक कवच बनते. या रेणूंचे घराणे ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट. नीट घट्ट झालेले कवच बहुतेकांना काही करत नाही. त्रास देते ते न जोडलेले, ओले, नखाच्या कडेला कातडीवर लागलेले जेल. त्याची ॲलर्जी झाली की बोटांची टोके लाल होतात, खाजतात, सोलतात, कधी नख आपल्या गादीपासून सुटते. हाताने चोळलेल्या पापण्याही सुजतात. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर सोबत करते. हेच घराणे पुढे दाताच्या सिमेंटमध्ये भेटते, हाडाचे सांधे बसवताना भेटते, मधुमेहींच्या अंगावर चिकटवायच्या काही उपकरणांच्या गोंदातही भेटते. ज्या मुलीचे दुधाचे दात अजून पडायचे आहेत, तिच्या पुढच्या दातांच्या दुरुस्तीत आपण आजच अडचण पेरून ठेवू शकतो. ही दूरदृष्टी एरवी आपल्याकडे पाटबंधारे योजनेतही दिसत नाही.

युरोपाने या घराण्यातल्या एचईएमए नावाच्या सभासदाबद्दल २०२० साली नियम केला. नखांच्या उत्पादनांत तो फक्त व्यावसायिकांनी वापरावा आणि ॲलर्जीचा इशारा पाकिटावर छापावा, असा तो नियम. जेल घट्ट करायला मदत करणाऱ्या टीपीओ या दुसऱ्या द्रव्यावर तर १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे सरसकट बंदी आहे. त्याने प्रजननक्षमतेला अपाय होऊ शकतो असे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसले होते. हे जेल आहे मोठ्या बायकांसाठी, ज्या खुर्चीवर स्थिर बसतात आणि ज्यांच्या नखावर ब्रश फिरवायला जागा असते. पाच वर्षांच्या मुलीच्या करंगळीचे नख मुळात केवढे! त्यावर ब्रश फिरवायचा आणि कातडीला लागू द्यायचे नाही, तेही मुलगी ‘झाले का?’ विचारत चुळबुळत असताना. हे काम तांदळावर गणपती काढणाऱ्यालाच जमावे. मुलांचे नख पातळ आणि मऊ असते. ते विजेच्या कानशीने घासले की आणखी पातळ होते. नखाच्या मुळाशी असलेली नाजूक कड मागे ढकलली किंवा कापली की जंतूंना दार उघडे. मग नखुरडे होते. नखुरडे ठणकायला लागल्यावर रात्री फुलपाखरू कुणाच्या लक्षातही राहत नाही.

दिव्याचे भय मात्र उगाच वाढवण्याचे कारण नाही. २०२३ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले आणि ‘नेलच्या दिव्याने कॅन्सर’ असे मथळे झळकले. ते प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झाले होते. पेशी मेल्या, जनुकांना इजा झाली, हे खरे. पण जिवंत हातावर तेवढेच होते असे त्यातून सिद्ध होत नाही, हे खुद्द संशोधकांनीही म्हटले आहे. शहाण्या माणसाने यातून एवढेच घ्यावे की गरज नसताना लहान मुलाचा हात त्यात घालू नये. बाकीचा मुद्दा दिव्याशिवायही पुरेसा भक्कम आहे.

कारण नख ही डॉक्टरची खिडकी आहे. ती कधी लागते ते विंचवावरून पाहा. कोकणात लाल विंचू आहे, दगडाखाली आहे, लाकडाच्या ढिगात आहे, मे महिन्यात बागेत हुंदडणाऱ्या पोराच्या पायाखालीही आहे. तो मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त भारी पडतो. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, छातीत पाणी होऊ लागते. अशा मुलाला आरोग्य केंद्रात नेले की डॉक्टर काय करतो? बोट हातात घेतो. नख दाबून सोडतो आणि पांढरे पडलेले नख पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहतो. दोन सेकंदांहून जास्त लागला तर रक्त टोकापर्यंत नीट पोचत नाही. नख निळसर आहे का पाहतो, मग बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतो. आता या नखावर तीन थर गुलाबी, एक थर चमकी आणि वर फुलपाखरू. गडद रंगाने चिमट्याचा आकडा चुकू शकतो. चिमटा आडवा लावता येतो, पायाच्या बोटाला लावता येतो, हे कबूल. पण पायाच्या नखांनाही तेच पॅकेज घेतलेले असते, ‘हात आणि पाय एकत्र घेतल्यास’ सूट असते म्हणून. आणि हे कवच साध्या नेलपॉलिशसारखे बोळ्याने पुसता येत नाही. ॲसिटोनमध्ये भिजवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते. विंचवाला तेवढा वेळ थांबायची सवय नसते.

‘मग आपल्या आज्यापणज्या मेंदी लावत होत्या, ते चालत होते?’ चालत होते, आणि आजही चालावे. वाटलेल्या पानांची मेंदी नखाला कवच घालत नाही, त्याला रंगवते. श्रावण-भाद्रपदात या भागात माळावर तेरडा फुलतो. त्याची गौर बसते आणि मुली त्याची फुले चुरगळून नखांवर धरतात. गंमत अशी की मेंदीतले रंगद्रव्य तेरड्यातही आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ना, लहान मुलीच्या नखाला नेमका तेवढाच रंग पुरे. घरी आईने कधीतरी बोटांना साधे पॉलिश लावले तरी आभाळ कोसळत नाही. खिडकी उघडी ठेवावी, बोटे चोखणाऱ्या पोराला लावू नये, बाटली आणि ॲसिटोन पोराच्या हाती लागेल असे ठेवू नये. जत्रेत मिळणाऱ्या काळ्या मेंदीपासून मात्र लांब राहावे. ती काळी होते केसांच्या कलपातल्या पीपीडीने. तिने हातावर वेल उमटते, मग त्याच वेलीच्या आकाराचे फोड उमटतात. तेव्हा मुद्दा पारंपरिक विरुद्ध आधुनिक असा नाहीच. मेंदीच्या नावाखाली पीपीडी विकणारा परंपरेचा दाखला देतो म्हणून त्याला सोडायचे नाही.

‘अहो, एकदाच तर करतो, वाढदिवसाला.’ एकदाच्या जेलने प्रत्येक मुलीला ॲलर्जी होत नाही. धोका वारंवारितेने वाढतो. पण एकदाच असे खरोखर किती घरांत राहते? वाढदिवस झाला की मावशीचे लग्न, मग गॅदरिंग, मग गणपती. शिवाय परीच्या चार मैत्रिणी वाढदिवसाला आलेल्या असतात आणि त्यांच्याही आया आता पेचात असतात. पुढचा आक्षेप जड आहे: ‘मुलीला कॉन्फिडन्स येतो.’ पाच वर्षांच्या मुलीला आत्मविश्वास कमी आहे हे कुणाच्या लक्षात आले? ती पाहुण्यांसमोर नागडी नाचते, अनोळखी काकांना ‘तुमचे पोट केवढे’ म्हणून विचारते. आत्मविश्वास तिच्याकडे सांडण्याइतका आहे. आपले हात आहेत तसे पुरेसे नाहीत, ही शंका तिला त्या खुर्चीवर पहिल्यांदा मिळते, आणि मग त्या शंकेवरचा उपाय दर तीन आठवड्यांनी विकत घ्यावा लागतो. आंबा कार्बाइडने पिकवायला या देशात कायद्याने बंदी आहे. रंग येतो, गोडी येत नाही, तब्येत बिघडते. पोर पिकवायला बंदी नाही. उलट त्याचे फोटो काढतात. फोटोसाठीच ते करतात! आंब्याची पेटी उघडून दोन फळे बाजूला ठेवत ‘ही औषधाची आहेत’ असे ओळखणारा बागायतदार स्वतःच्या नातीच्या हाताकडे बघून ‘काय गोड दिसते’ म्हणतो, तेव्हा उपहास संपतो आणि संताप येतो.

संतापाचे आणखी एक कारण त्याच हाताशी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात काजूच्या कारखान्यांत बी फोडायला बायका बसतात. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळते. बोटे काळी पडतात, सोलतात, नखांच्या कडा फाटतात. काही जणींना त्याची ॲलर्जीही होते. हातमोजे घातले तर काम मंदावते आणि मजुरी किलोवर, म्हणून कितीतरी जणी नुसते तेल किंवा राख चोळून बसतात. या बायकांना कातडीची ॲलर्जी म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला नको. पोटासाठी त्यांनी जे सोसले ते आपल्या लेकीच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्या राबतात, पोरीला ओल्या काजूची टरफले हातात घेऊ देत नाहीत, आंब्याचा चीक तोंडाला लागला तर ओरडतात. आणि दुसरीकडे, सोललेला पांढरा गर बशीत घेऊन खाणाऱ्या घरातले लोक आपल्या लेकीची निरोगी बोटे स्वखर्चाने त्याच पंगतीला नेऊन बसवतात, रांगेत नंबर लावून.

यात पार्लरवाल्या मुलीवर डाफरण्यात अर्थ नाही. तिने कर्ज काढून कोर्स केलेला असतो, गाळ्याचे भाडे डोक्यावर असते, आणि या ॲलर्जीचा सगळ्यात मोठा धोका रोज दहा जणींची नखे हाताळणाऱ्या तिलाच असतो. ‘बारा वर्षांखालील मुलांचे जेल करत नाही’ अशी पाटी तिने लावली तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जाते. म्हणून ‘नको’ आधी आईबापाला म्हणता आले पाहिजे. तेही एकदाच म्हणायचे आहे, आणि समोर पाच वर्षांचे माणूस आहे. त्याला तेरड्याच्या चार फुलांवर किंवा एका बिटकीवर राजी करता येते. ज्यांनी आधीच करून घेतले असेल त्यांनी घरी ब्लेडने खरवडू नये, ओढून काढू नये. जेलबरोबर नखाचा वरचा पापुद्राही निघून येतो. ज्यांनी चढवले त्यांच्याकडूनच उतरवून घ्यावे. दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात त्याचीही ओळ असते: काढण्याचे पैसे वेगळे. या ओळीला मात्र लहान मुलांची सवलत लागू नाही.