दोन्ही डगरींवर हात : उभयोद्योगी उमेदवारांसाठी सूचना

गिटार घेऊन स्वतःची गाणी करणारा आणि उरलेल्या वेळात मुक्त पत्रकारिता करणारा (किंवा याच्या उलट) माणूस पुणे-मुंबई परिसरात आता दुर्मीळ राहिलेला नाही. तरीही त्याच्यासाठी नियमावली उपलब्ध नव्हती. ती उणीव येथे भरून काढण्यात येत आहे. सूचना स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहेत. ज्यांना एक तारखेला पगार मिळतो, त्यांनी त्या केवळ करमणुकीसाठी वाचाव्यात.

१. ओळख

कुठे आपण कोण आहोत, हे घराबाहेर पडतानाच ठरवून घ्यावे. आपण गातो हे संपादकाला माहीत असावे, पण त्याने आपले गाणे ऐकलेले नसावे. आपण पत्रकार आहोत हे आयोजकाला माहीत असावे, पण कोणत्या विषयावर लिहितो हे माहीत नसावे. त्यामुळे तो जरा जपून वागतो. घरमालकाला 'लेखन करतो' एवढेच सांगावे. 'संगीत' म्हटले की तो अनामत वाढवतो आणि 'पत्रकार' म्हटले की घरच देत नाही. लग्नकार्यात काका "मग सध्या काय चाललंय?" असे विचारतात. त्यांना "मीडियात आहे" हे उत्तर पुरते. फार तर "टीव्हीवर कधी दिसणार?" एवढा एक प्रश्न येतो आणि पंगत बसते.

२. पंचांग

या व्यवसायाचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही; दिवाळी अंकाच्या पहिल्या फोनने सुरू होते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा पुढे गाणारी माणसेही त्यात लिहितील आणि त्यांना गणपतीच्या तालमी असतील, हा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. लेख नेमका त्या तालमींच्या ऐन भरात हवा असतो. तो न झाल्यास पितृपक्षावर भिस्त ठेवावी. त्या पंधरवड्यात कोणी कार्यक्रम ठेवत नाही आणि संपादकही एव्हाना हताश झालेले असतात.

मग नवरात्र, मग दिवाळी पहाट. कार्यक्रम साडेपाचला, म्हणजे साउंडचेक साडेतीनला. अभ्यंगस्नान आदल्या रात्रीच उरकावे. धर्मशास्त्रात याला आधार नाही, पण साउंडवाल्याला ते मान्य असते. डिसेंबरात 'सवाई' महोत्सव ऐकून त्यावर लिहायचे की त्याच संध्याकाळी कोरेगाव पार्कातल्या कॅफेत स्वतः वाजवायचे, असा पेच येतो. ज्याने आधीचे पैसे दिले असतील त्याच्याकडे जावे. दोघांनीही दिले नसल्यास 'सवाई'ला जावे. निदान गाणे चांगले ऐकायला मिळते. जून-जुलै मोकळे असतात. त्या काळात अल्बमचा संकल्प करावा. संकल्पाला खर्च येत नाही.

३. रात्रीचे दहा

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. वर्षातल्या मोजक्याच दिवशी बारापर्यंत सूट मिळते. इतर कलाकार या नियमावर हळहळतात. उभयोद्योग्याने त्याचे स्वागत करावे. दहाला शेवटचे गाणे, सव्वादहाला वायरी गुंडाळणे, साडेदहाला टेम्पोत अ‍ॅम्प्लिफायरवर बसून मोबाइलवर मजकूर, आणि पान सुटायच्या आत मेल. हाच कार्यक्रम बारापर्यंत चालला असता तर एक नोकरी गेली असती, आणि ती मुळात नव्हतीच. मात्र टाळ्या चालू असताना रंगमंचावरून मेल पाठवू नये. पाठवायचाच असेल तर पाठमोरे व्हावे आणि मान खाली घालावी. आपण भारावलो आहोत, असे प्रेक्षकांना वाटते.

४. मानधन

मानधनाचे तीन प्रकार आहेत : पैसे, प्रसिद्धी आणि नारळ.

प्रसिद्धीला संगीतात 'एक्स्पोजर' आणि पत्रकारितेत 'बायलाइन' म्हणतात. किराणा दुकानात दोन्हींचा भाव एकच आहे. नारळ शालीसह येतो. त्यावर अद्याप कोणी टीडीएस कापलेला नाही, हा त्याचा मोठा गुण.

पैशांची दोन अंगे समजून घ्यावीत. मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे हजार वेळाही ऐकले गेले नसेल, तर २०२४ पासून स्पॉटिफाय त्यावर रॉयल्टी देत नाही. म्हणजे ९९९ वेळा ऐकणे आणि शून्य वेळा ऐकणे यांत हिशेबापुरता फरक नाही. अशा वेळी पत्रकारितेचा आधार घ्यावा. मुलाखत झाली की 'सहज ऐका' म्हणून समोरच्याला गाण्याचा दुवा पाठवावा. मजकूर छापून येईपर्यंत निवडणुकीतले उमेदवार, नगरसेवक आणि त्यांचे कार्यकर्ते ते गाणे फार मन लावून ऐकतात.

दुसरे अंग टीडीएसचे. एका संस्थेकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत मिळणाऱ्या व्यावसायिक मानधनावर तो कापण्याची सक्ती नाही. तरीही दीड हजाराच्या लेखातून दहा टक्के कापणारे लेखा विभाग आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरल्यावर ते दीडशे रुपये परत येतात. आपल्या साऱ्या देणेकऱ्यांत सरकार हाच एक असा, की ज्याला फोन करावा लागत नाही.

५. हितसंबंध

ज्या आयोजकाच्या महोत्सवावर परखड लिहायचे, त्याच्याचकडे पुढच्या महिन्यात आपला कार्यक्रम असतो. हा प्रश्न जुना आहे. केशवराव भोळे यांनी प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'कुंकू' (१९३७) या चित्रपटांना संगीत दिले, आणि गवयांवर लिहिताना 'एकलव्य' हे नाव घेतले. आजही टोपणनाव घेता येते, पण पॅनकार्डाला टोपणनाव नसते. त्यामुळे लेखा विभागापासून काही लपत नाही, आणि लेखा विभागापासून लपले नाही ते कॅन्टीनमध्ये पोचतेच.

आपल्या अल्बमचे परीक्षण आपण लिहू नये, मित्राने लिहावे. मित्राच्या अल्बमचे आपण लिहावे. दोघांनीही शेवटच्या परिच्छेदात एकेक किरकोळ दोष दाखवावा, म्हणजे निःपक्षपातीपणा सिद्ध होतो. 'मिक्सिंगमध्ये बासला थोडा अधिक वाव हवा होता' हा दोष सर्व अल्बमांना लागू पडतो.

६. वसुली

दोन व्यवसाय असल्याचा खरा फायदा इथे आहे, आणि नेमका इथेच बहुतेक उमेदवार चुकीच्या दारात चुकीच्या वेषात उभे राहतात.

आयोजकाकडे पत्रकार म्हणून जावे. 'पैसे कधी मिळतील?' असे विचारू नये. त्याचे उत्तर 'लवकरच' असे ठरलेले आहे. त्याऐवजी विचारावे : सही कोणाची लागते? ते गृहस्थ कोणत्या वारी बसतात? कागद आज कोणाच्या टेबलावर आहे? उत्तरे त्याच्यासमोर वहीत लिहावीत, तारीख घालावी आणि जाताना, "हे तुमच्या नावानं समजू ना?" एवढेच म्हणावे.

लेखा विभागाकडे मात्र गवई म्हणून जावे. एकच पलटा रोज, ठरल्या वेळी, न कंटाळता घोटायची सवय इथे उपयोगी पडते. दर मंगळवारी अकराला तोच मेल, त्याच शब्दांत. पहिला महिना विलंबित, दुसऱ्या महिन्यापासून दुगुन. चिडायचे नाही, चिडले की लय जाते. समेवर पैसे येतात.

उलट केल्यास काय होते, तेही सांगणे इष्ट. आयोजकाकडे गवई म्हणून गेले, तर तो गाण्याची तारीफ करतो, चहा पाजतो आणि पुढच्या विनामूल्य कार्यक्रमाची तारीख पक्की करतो. लेखा विभागाकडे पत्रकार म्हणून गेले, तर छापखान्याच्या कागदाचे भाव किती वाढले याची सविस्तर बातमी मिळते.

७. 'एक काहीतरी धर'

हा सल्ला मिळणारच. बँडमधले मित्र म्हणतील गाणे सोड. वृत्तपत्रातले म्हणतील पत्रकारिता सोड. आपण निघून गेलो की त्यांचा एक स्पर्धक कमी होतो, हे लक्षात ठेवून दोघांचेही आभार मानावेत. वडीलधारे तिसरी वाट सुचवतील. वामनराव देशपांडे गाणे शिकले, त्यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) लिहिले, आणि पोटासाठी ते चार्टर्ड अकाउंटंट राहिले. ही वाट उत्तम आहे. फक्त तिच्या तोंडाशी परीक्षा आहे.

तेव्हा दोन्ही चालू ठेवावे. कारण कलेचे नाही, हिशेबाचे आहे. गणपतीतल्या कार्यक्रमाचे पैसे संक्रांतीला येतात आणि दिवाळी अंकाचे होळीला. यांतला एक धंदा सोडला, तर अर्धे वर्ष उपाशी जाते. क्वचित दोन्ही पैसे एकाच आठवड्यात जमा झालेच, तर भाडे भरावे, गिटारला नव्या तारा लावाव्यात आणि कोणाला सांगू नये. बातमी फुटली की आयोजक आणि संपादक दोघेही, 'याचं बरं चाललंय' म्हणून, पुढचे बिल सर्वांत खाली सरकवतात.