कॅमेरा घ्यायचाय? आधी नसरापूरला उतरा

प्रवासासाठी छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचं मनात आलं की नवशिक्यानं पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नये. या काळात तुलनेचे व्हिडिओ बघावेत, किमतींचे तक्ते करावेत आणि मेव्हण्याचा सल्ला घ्यावा. सल्ला पाळायचा नसतो, पण घ्यावा लागतो, कारण लग्नकार्यात पुन्हा गाठ पडते. शिवाय त्याचा कॅमेरा दोन दिवस उसना मिळतो, तो पुढे लागणार आहे. सहा महिन्यांनी आपण पसंत केलेलं मॉडेल बंद झालेलं असतं आणि त्याचा पुढचा अवतार जास्त महाग असतो. आता तुम्ही निवडीला पात्र झालात.

निवड दुकानात करू नये. तिथल्या लखलखाटात कुठल्याही कॅमेऱ्याचा फोटो चांगला येतो. त्यातून विक्रेता फोटो काढतो तो तुमचा, आणि स्वतःचा बरा आलेला फोटो नापसंत करणारं गिऱ्हाईक अजून जन्मायचं आहे. खरी परीक्षा घ्यायची तर मेव्हण्याचा उसना कॅमेरा घेऊन स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरा. सातारा रस्ता सोडून चेलाडी फाट्याला गाडी आत वळली की नसरापूर. बनेश्वर इथेच, राजगड-तोरणा पुढे, भोरकडे भाटघरचं पाणी. अंधार, ऊन, धूसर हवा, पाऊस आणि चढ, सगळे परीक्षक भोर-वेल्ह्यात हजर आहेत आणि एकही मानधन मागत नाही.

निघण्यापूर्वी मेगापिक्सेलचा निकाल लावून टाकू. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटोत ठिपके दहा हजार, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. तो घेऊन राजगडाचा चोर दरवाजा चढणाऱ्याला आम्ही दरवाजातच हार घातला असता. आज स्वस्तातल्या कॅमेऱ्यातही दीड-दोन कोटी ठिपके असतात. पोस्टकार्डाएवढा फोटो छापायला वीसेक लाख पुरतात, आणि तो तुम्ही छापणार नाही. तेव्हा खोक्यावरच्या त्या मोठ्या आकड्याकडे बघून मान डोलवावी आणि पुढे जावं.

आता बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं हे देऊळ झाडीत आहे, आत उजेड बेताचा. इथल्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या मोहिमेतून आलेली ही पोर्तुगीज घंटा. पुजाऱ्यांना विचारून, फ्लॅश बंद ठेवून तिचा एक फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. सालातले आठ आणि तीन हे इंग्रजी आकडे वेगवेगळे ओळखू येतात का? दोन्ही सारखेच दिसले तर कॅमेरा नापास. उजेड कमी पडला की कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, चढवतो, फोटोत दाणे उठतात, मग आतली यंत्रणा ते पुसायला जाते आणि दाण्यांबरोबर इतिहासही पुसून टाकते.

यावर उपाय उजेड टिपणाऱ्या मोठ्या सेन्सरचा, आणि नवशिक्या नेमका इथे फसतो. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर पट्टी लावून मोजला तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. कर्णसुद्धा इंचभर होत नाही. हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलं आहे. नळ्या गेल्या, इंच राहिला. महामार्गावरच्या प्लॉटच्या पाट्यांवर ‘पुण्यापासून अर्धा तास’ असतो ना, तसलाच हा इंच. तरीही घ्यायचा तर हाच. स्वस्त कॅमेऱ्यांतल्या सेन्सरच्या साधारण चौपट याचं क्षेत्रफळ, आणि घंटेच्या परीक्षेत फरक पडतो तो त्यानंच. २०१२ साली सोनीनं आरएक्स१०० काढला, तेव्हा हा सेन्सर २४० ग्रॅमच्या, शर्टाच्या खिशात जाणाऱ्या कॅमेऱ्यात बसला. आमच्या मते प्रवासी कॅमेऱ्यांची खरी गोष्ट तिथून सुरू होते. याहून मोठा हवा तर रिकोचा जीआर थ्री: एपीएस-सी सेन्सर, वजन २५७ ग्रॅम. त्याला झूम मात्र नाही. जवळचं हवं असेल तर आपणच जवळ जायचं. पाठीशी दरी असेल तर मागे सरकून जास्त काही माववायचा मोह आवरायचा. बॅटरीही कंपनीच्याच हिशोबानं दोनशेक फोटोंची, म्हणजे दुसरी खिशात हवी.

झूमची हौस असलेल्यांनी मार्गासनीवरून गुंजवण्याला जावं आणि राजगड चढावा. संजीवनी माचीवरून समोर तोरणा दिसतो. तीस पट झूमचा कॅमेरा रोखा आणि तोरणा जवळ ओढा. तोरण्याआधी जवळ येते ती मधली हवा. उन्हाळ्यातल्या दुपारी त्या हवेत धूळ, धूर आणि उष्णतेची थरथर असते, आणि झूम तिचं अत्यंत बारकाईनं चित्रण करतो. त्यात अशा कॅमेऱ्यात लांबच्या टोकाला भिंग एफ ६.४ इतकं अरुंद होतं. हात किंचित हलला तरी तोरण्याची झुंजार माची आणि बुधला माची एकाच फोटोत एकमेकींवर येतात. पावसाळा सरल्यावर, हवा धुतलेली असताना, सकाळी सातला हाच झूम सोनं आहे. तुम्ही सातला कुठे असता, तेवढं प्रामाणिकपणे ठरवा आणि मग झूमला पैसे मोजा. (२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत राजगड गेला, तोरणा राहिला. तोरण्याची ती कसर राजगडावरचे झूमवाले भरून काढतात.)

तिथेच ऊन डोक्यावर आलं की पडद्यावर फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. डोळा लावायची खिडकी असलेला कॅमेरा या क्षणी किमतीचं समर्थन करतो. आरएक्स१०० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती वर उचलून निघते. मग सुवेळा माचीच्या नेढ्याकडे, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाकडे, चला. कातळाच्या आतून बाहेरचं आकाश टिपायचं. आकाश नीट आलं तर कातळ डांबरासारखा काळा, कातळ दिसला तर आकाश पांढरं फटक. इथे कॅमेरा रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची, फाइल देतो का ते बघावं. फोटो आकाशाच्या उजेडाप्रमाणे काढायचा आणि कातळ नंतर घरी संगणकावर उजळायचा. ‘नंतर घरी’ काढून ठेवलेले बरेच कातळ अजून अंधारातच आहेत, पण सोय असावी.

पावसाळ्यात केळदच्या बाजूला मढे घाटात जाणार असाल तर वरचं सगळं विसरा. भातलावणीच्या दिवसांत तिथे पाऊस आडवाही येतो आणि धबधब्याचं पाणी वाऱ्यानं उलटं वर येतं. ऑलिंपसचा टीजी-६ पंधरा मीटर पाण्याखाली चालतो. सेन्सर चिमुकला आहे, घंटेच्या परीक्षेत बसूच नये. पण मढे घाटात चालू राहणारा कॅमेरा हा बंद पडलेल्या कॅमेऱ्यापेक्षा नेहमीच चांगले फोटो काढतो. पावसाळ्यात आणखी एक पथ्य: एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नये. गार भिंगावर दमट हवा बसते आणि अर्धा तास सगळं वेल्हे वाफेत दिसतं. बॅगेतच त्याला हळूहळू गरम होऊ द्या, तोवर चहा घ्या. घरी आल्यावर कोरडा करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर भिंगात बुरशी जाळं विणते. डब्यावर ‘कॅमेरा’ असं मोठ्या अक्षरात लिहा; दिवाळीत डबे कमी पडतात.

शेवटची परीक्षा खिशाची, आणि हिला सगळ्यांत जास्त गुण. फुजीचा एक्स१००-सहा देखणा, ४० मेगापिक्सेलचा, पण वजन पाचशे ग्रॅमच्या वर. तो गळ्यातच घालावा लागतो, आणि गळ्यात कॅमेरा दिसला की राजगडाच्या पद्मावती माचीवर तुमचा हुद्दा बदलतो. “दादा, जरा आमचा एक फोटो काढता का?” असं म्हणत गडावरचा प्रत्येक ग्रुप आपला मोबाइल तुमच्या हातात देतो. मग दुसरा मोबाइल, मग “आता आडवा घ्या ना”, मग डोळे मिटलेल्या काकूंसाठी पुन्हा एकदा. म्हणून कॅमेरा पँटच्या खिशात पूर्ण गेला पाहिजे, दोरीसकट. माणसं बघून काढायचा आणि क्लिक झालं की लगेच आत.