कांजीवरम आणि गाण्यातलं इंग्रजी

गाण्यांवरून इंग्रजी शिकण्याची पद्धत जगभर चालते. तिला वर्ग लागत नाही, फी लागत नाही आणि परीक्षाच नसल्यामुळे कोणी नापासही होत नाही. या विद्येचा खरा कस मात्र चेन्नईच्या टी. नगरमध्ये लागतो. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या मराठी मंडळींना तमिळ येत नसते, दुकानदाराला मराठी येण्याचा प्रश्नच नसतो आणि हिंदीच्या वाटेला शक्यतो कोणी जात नाही. महात्मा गांधींनी 1918 साली सुरू केलेल्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे मुख्यालय याच टी. नगरात आहे, साड्यांच्या गल्ल्यांपर्यंत तिचा प्रचार अजून पोचायचा आहे. उरते इंग्रजी. ते दोन्ही बाजूंनी बरेचसे रेडिओ, कॅसेट आणि मोबाइलवरून गोळा केलेले असते.

टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. नाव ऐकून संत त्यागराज आठवतात, पण ते जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्यावरून पडले. गाण्याशी या भागाचे नाते तरीही पक्के आहे. संगीतकार इळैयाराजा यांचे घर इथे आहे आणि तमिळ सिनेमाचे माहेरघर असलेले कोडंबाक्कम शेजारीच आहे. अभिनेते शिवाजी गणेशन यांचा बंगलाही टी. नगरातच. छत्रपतींवरच्या तमिळ नाटकात महाराजांची भूमिका केल्यामुळे गणेशन यांना हे नाव मिळाले, हे मराठी पाहुण्याला कळले की तो तिथल्या रस्त्याने जरा छाती काढून चालतो. रंगनाथन स्ट्रीटवर मात्र छाती काढायलाही जागा नसते.

या शहरात इंग्रजी सुरांचा पहिला मोठा विद्यार्थी निघाला तो मुत्तुस्वामी दीक्षितर. सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या गोऱ्या पलटणीचा बँड जे वाजवी, त्याच्या चाली या थोर वाग्गेयकाराने उचलल्या, इंग्रजी शब्द बाजूला ठेवले आणि त्या जागी संस्कृत स्तुती बसवली. अशी चाळीसेक ‘नोट्टुस्वर’ पदे आहेत. त्यांपैकी एकात इंग्लंडच्या राष्ट्रगीताची चाल थेट देवीच्या चरणी रुजू झाली आहे. शब्दसंग्रहाच्या दृष्टीने या उपक्रमाची कमाई शून्य. त्याच काळात तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे मिशनरी श्वार्ट्झ यांच्या हाताखाली रीतसर इंग्रजी शिकले आणि दरबारात पाश्चात्त्य बँडही बाळगला. भाषा एका खात्यात आणि बँड दुसऱ्या, असा त्यांचा चोख हिशोब.

ही दोन खाती एक व्हायला 1969 साल उजाडले. माउंट रोडवरच्या ‘नाइन जेम्स’ नावाच्या नाइटक्लबमध्ये उषा उत्थुप गायला उभ्या राहिल्या, त्या साडी नेसून. मुंबईत जन्मलेली तमिळ घरातली बाई, ठसठशीत टिकली लावून, तळघरात इंग्रजी गाणी म्हणते आहे: कांजीवरम आणि इंग्रजी यांचे हाडवैर नाही, हे एवढे पाहूनही पटावे.

गाण्यातले शब्द डोक्यात का टिकतात, हे एडिंबरातल्या संशोधकांनी तपासले. साठ प्रौढांना पंधरा मिनिटांत हंगेरियन वाक्ये शिकवली: काहींना नुसती बोलून, काहींना तालावर आणि काहींना गाऊन. गाणारे पुढे गेले. चाल पुढचा शब्द आपोआप ओढून आणते, हे अंताक्षरी खेळलेल्या मराठी कुटुंबाला एडिंबराआधीच ठाऊक होते. महाराष्ट्राने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणले तेव्हाही भर बडबडगीतांवरच होता. आधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर डोळे फोडले. त्यांचे व्याकरण पक्के झाले आणि तोंड मात्र उघडेना.

गाण्यांच्या विद्यार्थ्याचे नेमके उलटे होते. तोंड उघडते, पण आतून काय बाहेर पडेल याचा भरवसा नसतो. टिम मर्फी या अभ्यासकाने 1992 साली पन्नास लोकप्रिय इंग्रजी गाण्यांची चिरफाड प्रसिद्ध केली. त्यांत ‘मी’ आणि ‘तू’ यांचा सुकाळ दिसतो. कोण, कुठे आणि केव्हा यांचा पत्ता नसतो. म्हणजे या शाळेत हार्ट, बेबी, लोनली, टुनाइट आणि फॉरएव्हर एवढी शिदोरी मिळते. काठ, पदर, बुट्टी, ब्लाउजपीस आणि ‘जरा उजेडात दाखवा’ यांवर एकाही गायकाने गळा मोकळा केलेला नाही.

तरीही दुकानात काम भागते, आणि कसे भागते ते पाहण्यासारखे आहे. पांढऱ्या गादीवर विक्रेता एका झटक्यात साडी उलगडतो. पुण्याची मावशी पदर चिमटीत धरते, जर उलटीकडून न्याहाळते आणि म्हणते, “अण्णा, दिस कलर नो. हार्ट नो.” म्हणजे मनात भरत नाही. अण्णाला ते तत्काळ कळते, कारण त्याचे इंग्रजीही त्याच टांकसाळीतले. तो म्हणतो, “ओके अक्का, नेक्स्टु पीसु.” तमिळ जिभेला असे शब्द व्यंजनावर अडलेले चालत नाहीत, शेवटी एक ‘उ’ लागतो. रेट तिथे ‘रेट्टु’ होतो, तसा स्टेशनचा मराठीत ‘टेसन’ झालाच होता. कोणी कोणाला हसायचे, हा मुद्दा निकालात निघतो. अडते ते बरोबर आलेल्या भाच्याचे. इंग्रजी माध्यमात शिकलेला हा मुलगा ‘इफ यू कुड काइंडली’ने सुरुवात करतो. वाक्य क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर मावशीने दोनशे रुपये कमी करून घेतलेले असतात.

चुकीचे ऐकणे हे या पद्धतीचे दुसरे अंग. 1954 साली सिल्व्हिया राइट या लेखिकेने कबूल केले, की लहानपणी एका जुन्या पोवाड्यातली ओळ चुकीची ऐकून तिने एका सरदाराबरोबर मेलेली, मुळात नसलेलीच एक सरदारीण तयार केली होती. चेन्नईत आणि मुंबईत अशा सरदारणी घरोघर आहेत. त्यांना कोणी पुरत नाही, त्या पुढच्या पिढीकडे सुखरूप जातात.

मग 16 नोव्हेंबर 2011 रोजी ‘कोलावेरी डी’ आले आणि सगळी लाज संपली. धनुष यांनी लिहिलेले आणि गायलेले, अनिरुद्ध यांनी बांधलेले हे गाणे शेवटी ‘उ’ लावलेल्या इंग्रजीचा उघड जाहीरनामाच होते. ते ज्यातले, तो ‘3’ हा चित्रपट दिग्दर्शित केला ऐश्वर्या रजनीकांत यांनी, आणि त्यांचे वडील रजनीकांत हे मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी घरातले. एवढ्या धाग्यावर महाराष्ट्राने गाण्यावर हक्क सांगितला नाही, हा मराठी माणसाचा दुर्मीळ संयम. गणपतीच्या मिरवणुकीत ते वाजवले मात्र भरपूर.

या शिक्षणाची हद्द दुकानाच्या गल्ल्यापाशी संपते. तिथे कोणी गात नाही. बिलावर बारीक अक्षरांत ‘नो एक्स्चेंज, नो रिफंड’ छापलेले असते, त्याला चाल नसते, आणि मावशी ते वाचते तेव्हा गाडीने अरक्कोणम सोडलेले असते.