मानाची खुर्ची

केसतूड नाकावर आलं असतं तर निदान चारचौघांत दाखवता आलं असतं. माझं आलं ते थेट बैठकीवर. आणि नेमका मी घोडेगावच्या एका स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणा! जुन्नरहून एसटीनं निघालो. प्रत्येक गतिरोधकाला एकेकदा शिवनेरी चढून उतरलो.

व्यासपीठावर गादीची मानाची खुर्ची. मी म्हणालो, "मुलं उभी आहेत, मीही उभाच राहतो." टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकानं माझ्या नम्रतेवर इतकं भाषण केलं, की ती मलाही पटली.

डॉक्टरांनी जंतूचं नाव सांगितलं, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यवैद्याला पुवात हे जंतू घडासारखे दिसले, म्हणून 1882 साली त्यानं ग्रीक भाषेतला द्राक्षांचा घड त्यांच्या नावात घातला. द्राक्षं! आमच्या तालुक्यात ज्याची बाग त्याचा रुबाब. छाटणी, विरळणी, 'यंदा माल एक्स्पोर्टला' वगैरे गप्पा पारावर निघाल्या, की मी आपला चपलेचा अंगठा न्याहाळतो. माझ्या नावावर एक वेल नाही. आता घडच्या घड अंगावर! त्यात 1884 साली रोझेनबाख नावाच्या वैद्यानं सोनेरी रंगावरून 'ऑरियस' जोडलेलं. म्हणजे सोनेरी वाण. ना मांडव, ना फवारणी, अवकाळीची धास्ती नाही. घाम आणि उकाडा तर पिकाला मानवतोच. फक्त व्यापारी बांधावर येईना.

हे पीक दुसऱ्या बहराचं होतं. पहिल्या वेळी मीच मेडिकलमधून चार कॅप्सूल आणल्या आणि दोनातच बरं वाटलं म्हणून उरलेल्या डब्यात टाकल्या. डॉक्टर चिडले. "दाबायचं नाही, सुई टोचायची नाही. दिवसातून तीन-चारदा ओल्या फडक्यानं दहा-दहा मिनिटं शेका. टॉवेल वेगळा. चीर द्यायची झाली तर मी देईन. गोळ्या मी सांगेन तितके दिवस. आणि साखर तपासा."

शेक बायको द्यायची. मी पालथा पडून ऑग्स्टन सांगायचो, ती 'हं' म्हणायची. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो, तर ती चुलीपाशी कोमट पाण्यात बोट बुडवून बसलेली. नखुर्डं. टोमॅटो तोडताना आठवड्यापूर्वी झालेलं, टच्च सुजलेलं. त्याच हातानं ती माझं फडकं पिळत होती.

"बोलली का नाहीस?"

"तुमचं चाललं होतं ना."

सकाळी दोघं दवाखान्यात. बाकावर एकच जागा होती. ती मी तिला दिली. शेजारच्या आजी तिला म्हणाल्या, "नवरा गुणाचा हाय गं बाई."

ती माझ्याकडं बघून काहीच बोलली नाही.