महामारीत घरबसल्या तज्ज्ञ कसे व्हावे?

साहित्य: एक मोबाइल, नातेवाइकांचा एक ग्रुप, बेंगळुरूच्या बनशंकरी सेकंड स्टेजमधली बाल्कनी आणि पोतंभर आत्मविश्वास. वैद्यकीय शिक्षण ऐच्छिक. नसल्यास काम लवकर उरकतं.

१. मुहूर्त गाठा. कोरोनाच्या साथीतला जनता कर्फ्यू झाला २२ मार्च २०२० ला, रविवारी. थाळ्या वाजल्या संध्याकाळी पाचला, म्हणजे ऐन राहुकाळात. एरवी बनशंकरीच्या देवळात या वेळी लिंबं पिळून, सालं उलटवून त्यांत वाती लावतात. आपण मात्र नादाने विषाणू मरतो, असं ग्रुपवर जाहीर करावं. केंद्र सरकारच्या पीआयबीने हे खोटं असल्याचं सांगितलं होतं. पण खुलासे पुढे पाठवायची आपल्यात पद्धत नाही.

२. लिंबाची बढती करा. देवीपुढचा दिवा श्रद्धेचा. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. तज्ज्ञाने तेच लिंबू नाकात पिळावं. एप्रिल २०२१ मध्ये लोक सिलिंडरसाठी वणवण करत होते, तेव्हा कर्नाटकातल्या एका माजी खासदारांनी याच उपायाने ऑक्सिजन वाढतो, असं सांगितलं होतं. पुरावा मागू नये. मोठ्या माणसांचा अपमान होतो.

३. बाण ओळखा. मेसेजवर दोन बाण दिसले, की तो फार हातांतून फिरलाय. तुम्ही मात्र 'फार जणांनी तपासलाय' असं समजा. एप्रिल २०२० पासून व्हॉट्सअॅप असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं. हरकत नाही, अंगठा थकत नाही.

४. ऑक्सिमीटरशी वाद घाला. ९१ दिसलं तर बोट बदला, मग सेल, मग शेजाऱ्यांचं यंत्र मागून आणा. आकडा ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना गाठायचं असतं, हे सगळ्यात शेवटी वाचा.

५. लसीचं भय पसरवा. १ एप्रिल २०२१ ला पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना लस खुली झाली. ग्रुपवर 'घाई नको' लिहा आणि आपण गुपचूप रांगेत उभे राहा.

हे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी: कर्नाटक सरकारने २०२० मध्ये 'आप्तमित्र' ही हेल्पलाइन काढली होती, नंबर १४४१०. तिथे डॉक्टरांचा सल्ला मिळे. पुढची साथ येईल तेव्हा नंबर बदललेला असेल, पण नियम तोच राहील: मेसेज पुढे ढकलण्याआधी डॉक्टरांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत अंगठा आवरा.