सोनेरी किल्ल्यातला संशोधक

सत्यजित राय यांनी स्वतः दिग्दर्शित केलेले फेलूदा या गुप्तहेराचे चित्रपट दोनच: १९७४ चा 'सोनार केल्ला' आणि १९७९ चा 'जय बाबा फेलुनाथ'. दोनच असल्यामुळे भक्तांना तेच तेच बघण्यावाचून गत्यंतर नाही. आणि तेच तेच बघितलं की पडद्यावर नसलेलंही दिसायला लागतं. मला बंगाली येत नाही, त्यामुळे मला तर सबटायटल्समध्येसुद्धा गूढार्थ दिसायचे.

एवढी विद्वत्ता गाठीशी बांधून मी बायकोसह जैसलमेरला गेलो. 'सोनार केल्ला'मधला पूर्वजन्म आठवणारा मुकुल ज्या सोनेरी किल्ल्याचा ध्यास घेतो, तो हा किल्ला. हिवाळ्यात तिथे पिवळ्या दगडांच्या बरोबरीने बंगाली पर्यटकांच्या माकडटोप्या दिसतात. अशाच एका बंगाली कुटुंबाला मी गाठलं आणि कोणी न विचारता प्रवचन सुरू केलं.

"जटायू या टोपणनावाने थरारक कादंबऱ्या लिहिणारे लालमोहन गांगुली," मी म्हणालो, "संतोष दत्तांनी केलेत. आता गंमत बघा. १९६९ च्या 'गुपी गाईन बाघा बाईन'मध्ये हाच माणूस हल्ला नावाच्या राज्याचा राजा. उंटांची फौज बाळगणारा! चित्रण इथलंच. आणि पाच वर्षांनी राय त्याच नटाला उंटावर बसवतात, तर त्याची पाचावर धारण! हा काय योगायोग?"

"आणि शुंडीचा राजाही तोच," काका शांतपणे म्हणाले. मग काकूंकडे वळून पुटपुटले, "लालमोहनबाबू." दोघं हसले. विषय रुचला म्हणायचा. मी कामू मुखर्जी या नटाकडे वळलो. पहिल्या चित्रपटातला खलनायक मंदार बोस दुसऱ्यात...

"जटायूवर सुरे फेकणारा म्हातारा," त्यांच्या नातीने वाक्य पुरं केलं. तिचं लक्ष हातातल्या वेफर्सच्या पुडीत होतं.

दुपारी आम्ही सगळे वाळूच्या टेकड्यांवर गेलो. उंटाच्या कुबडात पाणी साठवलेलं असतं, असं मी सांगितलं. "चरबी," नात म्हणाली. काका पुन्हा तेच नाव पुटपुटले. चित्रपटातही जटायू उंटाबद्दल चुकीची माहिती देतो आणि फेलूदा ती दुरुस्त करतो, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. पण मी तेव्हा उंटावर बसण्याचं शास्त्र समजावत होतो. उंट आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणून आपण मागे रेलायचं. मग पुढचे पाय उठतात, तेव्हा पुढे झुकायचं.

सांगताना मी खिशातला मोबाइल काढत होतो. उंटाने शास्त्राप्रमाणे मागची बाजू उचलली आणि मी थेट त्याच्या मानेला मिठी मारली. मग पुढची बाजू वर आली तेव्हा मान सुटली, टोपी गेली, आणि मी आकाशाकडे तोंड करून खोगिराचा मागचा दांडा शोधू लागलो. "पकडके बैठो, साब," उंटवाला म्हणाला. तोवर पकडण्यासारखं जे जे होतं ते सगळं माझं पकडून झालं होतं.

संध्याकाळी चहा पिताना नातीने विचारलं, "अंकल, तुम्ही कादंबऱ्या लिहिता?"

"नाही. का गं?"

काकूंना ठसका लागला.

हॉटेलवर परतल्यावर मी बायकोला म्हणालो, "ही मंडळी पण पक्की फॅन हं. दिवसभर लालमोहनबाबूंचाच विषय."

तिने दोन्हींपैकी एकही चित्रपट पाहिलेला नाही. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "अहो, तुमचाच विषय होता. तुम्ही बोलायला लागलात की ते नाव घ्यायचे. तुम्ही गप्प बसलात की थांबायचे. तसे फार वेळा थांबले नाहीत म्हणा."